छंद आणि शंका : उघड्या टपाच्या अमेरिकन गाड्यांच्या प्रतिकृती

गेल्या अंकात १९५० आणि १९६० च्या दशकांतील अमेरिकन कन्व्हर्टिबल गाड्यांच्या लघुप्रतिकृतींविषयी लेख प्रसिद्ध झाला, त्यानंतर मुंबई आणि उपनगरांतील अनेक वाचकांनी पत्रे पाठवून आपापल्या अडचणी कळवल्या. सर्वांना स्वतंत्र उत्तर देणे शक्य नसल्याने अधिक वाचकांच्या उपयोगाचे प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. बंद गाडीच्या प्रतिकृतीत छताखाली झाकून जाणारे सगळे काम कन्व्हर्टिबलमध्ये उघड्यावर येते आणि पाहणाऱ्याची नजर आधी आसनांवर, डॅशबोर्डवर आणि दारांच्या आतल्या बाजूवर पडते. त्यामुळे रंगापेक्षा आतल्या कामाला आणि रंगाची बाटली उघडण्यापूर्वी केलेल्या अभ्यासाला येथे जास्त महत्त्व आहे, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : मी दादरच्या एका शाळेत शिक्षिका आहे. प्रतिकृती बांधण्याचा अनुभव शून्य आहे. १९५९ ची कॅडिलॅक एल्डोराडो मला फार आवडते. कोणत्या प्रमाणाचा संच घ्यावा आणि याच गाडीने सुरुवात करावी का?

प्लॅस्टिकच्या संचांत अमेरिकन गाड्यांसाठी १/२५ आणि १/२४ ही दोन प्रमाणे रूढ आहेत. धातूच्या तयार गाड्या बहुधा १/१८ किंवा १/४३ प्रमाणात मिळतात. १/२५ हे प्रमाण रूढ होण्यामागे इतिहास आहे. अमेरिकेतील मोटारकंपन्या आपल्या नव्या गाड्यांच्या लहान प्लॅस्टिक प्रतिकृती विक्रेत्यांकडे प्रसिद्धीसाठी ठेवत असत. त्या बनवणाऱ्या एएमटी या कंपनीने १९५८ पासून त्याच साच्यांच्या आधारे सुटे भाग असलेले संच विकायला काढले. एकाच संचातून गाडी मूळ रूपात, सजवलेल्या रूपात किंवा शर्यतीच्या रूपात बांधता येई. मोनोग्राम आणि जपानची तामिया या संच बनवणाऱ्या कंपन्यांनी १/२४ ला पसंती दिली. दोन प्रमाणांतील फरक थोडा वाटतो, पण तो शेजारी ठेवल्यावर दिसतो : १९५७ ची शेव्हरोले बेल एअर मुळात २०० इंच लांब आहे, म्हणजे १/२५ प्रमाणात ती सुमारे २०३ मिलिमीटर आणि १/२४ प्रमाणात सुमारे २१२ मिलिमीटर होते. मुंबईच्या घरात कपाटाचा एकच कप्पा या छंदासाठी मिळणार असेल, तर सुरुवातीलाच एक प्रमाण ठरवून त्यालाच धरून राहावे.

एल्डोराडोबद्दलची आपली ओढ मला पूर्ण समजते. जनरल मोटर्सचे रचनाप्रमुख हार्ले अर्ल यांनी १९४८ च्या कॅडिलॅकवर लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचलेले लहानसे उंचवटे आणले आणि अकरा वर्षांत त्यांचे उंच, टोकदार पंख झाले; प्रत्येक पंखावर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे दोन लाल दिवे. कन्व्हर्टिबल एल्डोराडोचे नाव बियारित्झ, आणि त्या वर्षी अशा फक्त १,३२० गाड्या तयार झाल्या. तरीही पहिल्या प्रयत्नासाठी ही गाडी घेऊ नये. तिची लांबी २२५ इंच, म्हणजे १/२५ मध्ये जवळजवळ २३ सेंटिमीटर. एवढ्या लांब, सपाट बाजूवर रंगातला प्रत्येक कण आणि प्रत्येक लाट दिसते, शिवाय क्रोमचे भाग पुष्कळ आहेत. १९५७ ची बेल एअर किंवा १९६४ मध्ये आलेली फोर्ड मस्टँग यांपैकी एक निवडावी. रेव्हेल या कंपनीने दोन्ही कन्व्हर्टिबलांचे संच काढले आहेत, भाग मोजके आहेत आणि मूळ गाड्यांची छायाचित्रे विपुल उपलब्ध आहेत.

संच उघडल्यावर एक काळजी मात्र लगेच घ्यावी. छत नसल्याने पुढच्या काचेची चौकट फार नाजूक असते आणि रंगकाम करताना हात लागून ती हमखास मोडते. भाग ज्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यातून कापून काढतो, त्याचाच एक तुकडा चौकटीच्या वरच्या कडेपासून मागच्या आसनाच्या काठापर्यंत आडवा टेकू म्हणून हलका चिकटवून ठेवावा आणि अगदी शेवटी तो काढावा.

प्रश्न : जुलैमध्ये मी गच्चीवर काळ्या लॅकरचा फवारा मारला आणि काही मिनिटांत गाडीवर पांढुरकी साय आली. रंग खराब होता का? (एक वाचक, बोरिवली)

रंगात दोष असण्याची शक्यता कमी आहे. दोष हवेतील ओलाव्याचा आहे. लॅकरमधील थिनर झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो, त्या थंड पृष्ठभागावर हवेतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब जमतात आणि रंग सुकताना ते त्यातच अडकतात. पावसाळ्यात मुंबईतील आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे गच्ची, गॅलरी किंवा उघडी खिडकी या जागा त्या काळात लॅकरसाठी निरुपयोगी ठरतात. काळ्या आणि गडद लाल रंगावर ही साय सर्वांत ठळक दिसते.

आपली गाडी वाया गेलेली नाही. कोरड्या दिवशी, किंवा वातानुकूलित खोली तासभर चालू ठेवून तेथे, हळू उडणारा थिनर म्हणजे रिटार्डर अत्यंत हलक्या फवाऱ्याने त्या थरावर मारावा. वरचा थर किंचित मऊ होतो, अडकलेले पाणी निघून जाते आणि काळा रंग पुन्हा उघडा पडतो. थर ओघळेल इतका मात्र मारू नये. साय फार खोल गेली असेल तर रंग पूर्ण कडक झाल्यावर २,००० नंबरच्या वॉटर पेपरने घासून नवा थर द्यावा.

पुढील कामासाठी कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा सापळा अवश्य लावावा, कारण दाबाखालच्या हवेतील पाणी नळीतून थेट रंगात येते. फवारल्यानंतर गाडी मोठ्या झाकणबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. धूळही बसत नाही आणि ओलावाही लागत नाही. डब्यात दिवा लावून ऊब देणारे काही जण आहेत, पण संचाचे प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, उष्णतेने वाकते आणि उघड्या टपाच्या गाडीला आकार सांभाळायला छत नसते, म्हणून मी तो मार्ग सुचवणार नाही.

याच पत्रात आपण गाड्यांच्या रंगाच्या दुकानातील एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगासाठीचा) थिनर वापरल्याचे लिहिले आहे, त्याबद्दल स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. हा थिनर उघड्या पॉलिस्टायरीनवर पडला तर प्लॅस्टिक विरघळवून त्यावर बारीक भेगांचे जाळे उठवतो. खाली प्रायमरचे दोन-तीन पातळ थर असल्याशिवाय तो वापरू नये, आणि प्रत्येक नवा रंग आधी संचातील टाकाऊ सांगाड्यावर मारून पाहावा. खोली बंद करून काम करायचे असल्यास सेंद्रिय वाफा रोखणारा मुखवटा वापरावा आणि जवळपास ज्योत नसावी.

प्रश्न : १९५३ ची कॉर्व्हेट मी निळ्या रंगात रंगवायला घेतली आहे. मित्र म्हणतो, ते चूक आहे. रंगाचे स्वातंत्र्य बांधणाऱ्याला नसते का? (एक विद्यार्थी, मुलुंड)

स्वातंत्र्य अर्थातच आहे, पण या एका गाडीबाबत आपल्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे. १९५३ मध्ये मिशिगनमधील फ्लिंट येथे फक्त ३०० कॉर्व्हेट तयार झाल्या, त्या सर्व पांढऱ्या होत्या आणि आतील भाग लाल होता. निळा रंग १९५४ मध्ये मिळू लागला. दोन्ही वर्षांच्या गाड्या दिसायला जवळपास सारख्याच असल्याने निळी गाडी १९५४ ची म्हणून बांधावी आणि पाटीवर तसे लिहावे. इतिहासही सांभाळला जाईल आणि आपली आवडही.

प्रश्न : माझे आजोबा काळबादेवीतील एका व्यापाऱ्याकडे मोटारचालक होते. घरी एक छायाचित्र आहे, त्यात ते उघड्या टपाच्या शेव्हरोलेशेजारी उभे आहेत आणि स्टेअरिंग उजवीकडे आहे. गाडी १९५१ ची असल्याचे घरात सांगतात. तशीच गाडी बांधायची आहे, पण संच डाव्या स्टेअरिंगचा येतो. (एक वाचक, गिरगाव)

हे पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण या गाड्यांचा आणि मुंबईचा संबंध बहुतेकांच्या लक्षात राहिलेला नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला आणि तो १९५४ पर्यंत चालला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात क्रायस्लरच्या सहकार्याने १९४७ पासून डॉज, डिसोटो आणि प्लायमाउथ या नावांची वाहने जोडली. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीतील चालकांसाठी अमेरिकन गाडी ही दररोज पुसायची, पाणी भरायची, गल्लीतून काढायची वस्तू होती, आणि तिचे स्टेअरिंग उजवीकडेच असे.

आधी वर्षाची खात्री करावी. १९५१ आणि १९५२ च्या शेव्हरोले एकमेकींसारख्या दिसतात, पण पुढच्या जाळीकडे भिंगातून पाहावे : मधल्या आडव्या पट्टीवर पाच उभे दात असतील तर गाडी १९५२ ची आहे, पट्टी सपाट असेल तर १९५१ ची. घरातल्या आठवणीपेक्षा छायाचित्रावर विश्वास ठेवावा. १९५१ च्या कन्व्हर्टिबलचा १/२५ प्रमाणातील संच एएमटीने काढलेला आहे.

डॅशबोर्ड हे या कामातील सर्वांत अवघड अंग आहे. संचातील डॅशबोर्डचे छायाचित्र काढून संगणकावर ते आरशातल्यासारखे उलटवावे, कागदावर त्याच मापात छापावे आणि प्रत्यक्ष भागावर धरून पाहावे. कोठे कापायचे ते त्यावरून ठरते. साधारणपणे भागाचे तीन तुकडे होतात : मापकांची बाजू, रेडिओचा मधला भाग आणि हातमोज्यांच्या खणाची बाजू. पातळ पात्याच्या करवतीने कापून दोन टोकांची अदलाबदल करावी, मधला भाग जागेवर ठेवावा, सांध्यांत लांबी (पुट्टी) भरून सोनारकामाच्या कानशीने गोलाई जुळवून घ्यावी. अशा बारीक कानशी आणि टोकदार चिमटे झवेरी बाजाराच्या परिसरात हत्यारांच्या दुकानांत मिळतात आणि छंदासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या हत्यारांपेक्षा ते जास्त टिकतात. मापकांवरील आकडे उलटे होऊ नयेत, म्हणून तबकड्या स्वतंत्र छापून चिकटवाव्यात.

येथे पुष्कळ बांधणारे एक गोष्ट विसरतात. डॅशबोर्ड आरशाप्रमाणे उलटतो, पण पायाखालची पेडले उलटत नाहीत. स्टेअरिंग कोणत्याही बाजूला असो, डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक आणि उजवीकडे ॲक्सिलरेटर हाच क्रम राहतो. गिअरचा दांडा मात्र बदलतो : डाव्या स्टेअरिंगच्या गाडीत तो स्टेअरिंगच्या खांबाच्या उजव्या बाजूला असतो, उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत डाव्या बाजूला येतो, म्हणजे दोन्ही ठिकाणी गाडीच्या मध्याकडेच. इंजिन आणि आसनांमधील पडद्यावर खांबासाठी असलेले जुने भोक बुजवून उजवीकडे नवे पाडावे, आणि बॉनेट उघडे ठेवणार असाल तर स्टेअरिंगची पेटीही चासिसच्या, म्हणजे गाडीच्या तळाच्या चौकटीच्या, उजव्या अंगाला न्यावी. पुढची काच त्या वर्षी दोन तुकड्यांची आणि मधोमध पट्टी असलेली होती, त्यामुळे तेथे काही बदलावे लागत नाही.

नंबरपाटी काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांची करावी. त्या काळातील मुंबईचे क्रमांक 'बीएम' या अक्षरांनी सुरू होत. छायाचित्रात क्रमांक वाचता येत असेल तर तोच वापरावा. पाटीची लांबी अंदाजाने ठरवू नये, छायाचित्रात ती बंपरच्या किती पट भरते ते मोजून काढावी. गाडीचा रंग कृष्णधवल छायाचित्रातून कळत नाही. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला आजच विचारून ठेवावे.

प्रश्न : बाहेरून मागवायची धातूची चिकट पट्टी महाग पडते. क्रोमच्या पट्ट्यांसाठी स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइल किंवा मिठाईवरचा चांदीचा वर्ख चालेल का? (एक वाचक, ठाणे)

वर्ख चालणार नाही. तो इतका तलम असतो की पात्याने सरळ कापता येत नाही, आणि खरी चांदी हवेने काळवंडते. स्वयंपाकघरातील फॉइल रुंद, सरळ पट्ट्यांसाठी चालते. बारीक वळणांसाठी चॉकलेटच्या वेष्टनातील फॉइल अधिक बरी. तिच्या मागचा कागद असल्यास कोमट पाण्यात भिजवून सोडवावा. चिकटवण्यासाठी तसबिरींच्या चौकटींवर सोनेरी बेगड चढवताना वापरतात तो, सुकल्यावरही चिकट राहणारा गोंद फॉइलच्या मागे पातळ लावावा. पट्टी हव्या त्या रुंदीपेक्षा थोडी मोठी कापून बसवावी, कापूस गुंडाळलेल्या काडीने मधून कडेकडे दाबत न्यावी, म्हणजे खालचा उंचवटा वर उमटतो, आणि मग कोऱ्या पात्याने, अगदी हलक्या हाताने, कडेने कापावे. पाते प्रत्येक पट्टीला नवे असावे; बोथट पाते फॉइल फाडते आणि खालच्या रंगावर कायमची रेघ ओढते.

१९५७ च्या बेल एअरसाठी फॉइलचा एक खास उपयोग आहे. तिच्या मागच्या पंखावर जो बारीक रेघांचा चंदेरी भाग आहे, तो क्रोमचा नसून ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमचा आहे आणि त्याची चकाकी शेजारच्या पट्ट्यांपेक्षा मंद असते. स्वयंपाकघरातील फॉइलची एक बाजू चकचकीत आणि दुसरी मंद असते, तेव्हा पंखावर मंद बाजू वर ठेवावी आणि कडेच्या पट्ट्यांना चकचकीत. एका हातभर फॉइलमध्ये दोन्ही धातू मिळतात. बेल एअरची पुढची जाळी आणि बॉनेटवरचा व्ही सोनेरी आहेत. त्यांवर फॉइल किंवा क्रोम ठेवून वरून पारदर्शक पिवळ्यात थेंबभर नारिंगी मिसळून पातळ थर द्यावा.

बाजूवरील अक्षरांसाठी उलटा क्रम उत्तम. 'बेल एअर' ही नावाची अक्षरे फार बारीक असतात, रंगानंतर त्यांवर फॉइल कापत बसणे व्यर्थ आहे. त्याऐवजी प्रायमरनंतर अक्षरांवर फॉइलचा छोटा तुकडा नीट दाबून बसवावा, त्यासकट गाडी रंगवावी, आणि रंग ताजा असतानाच थिनरने किंचित ओलसर केलेल्या कापडाच्या घट्ट घडीने फक्त अक्षरांच्या माथ्यांवरून हलकेच फिरवावे. माथ्यांवरचा रंग निघून चंदेरी अक्षरे स्वच्छ वर येतात.

प्रश्न : वर्षभर कपाटात ठेवलेल्या गाडीचे टायर चाकांना चिकटले आणि चाके विरघळली. असे का झाले? पांढऱ्या पट्ट्यांच्या टायरची योग्य रुंदी किती? (एक वाचक, विलेपार्ले)

संचांतील बरेच टायर मऊ विनाइलचे असतात. ते मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेला द्रव हळूहळू बाहेर येऊन पॉलिस्टायरीन विरघळवतो आणि उकाड्यात ही क्रिया वाढते. चाकाच्या कडेभोवती, टायर बसवण्यापूर्वी, नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप एक वेढा द्यावी. दोघांचा स्पर्शच होत नाही. न बांधलेल्या संचांतही टायर वेगळ्या पिशवीत काढून ठेवावेत, ते काचेच्या भागांना टेकले तर काचाही जातात.

पांढरी पट्टी १९५० च्या दशकात मूळ गाडीवर सुमारे अडीच इंच रुंद असे, म्हणजे १/२५ प्रमाणात अडीच मिलिमीटर. १९६२ पासून अरुंद, सुमारे इंचभराची पट्टी रूढ झाली, म्हणजे एक मिलिमीटर. मस्टँगवर रुंद पट्टी आणि बेल एअरवर अरुंद पट्टी मी अनेक प्रदर्शनांत पाहिली आहे. उरलेले काम कितीही चांगले असले तरी गाडीचे वर्षच त्यामुळे चुकते.

प्रश्न : आसने, गालिचा आणि घडी केलेला टप खरा वाटावा म्हणून मी खऱ्या कापडाचा वापर केला, पण गाडी बाहुलीच्या खेळण्यासारखी दिसू लागली. काय करावे? (एक वाचिका, डोंबिवली)

खरे कापड प्रतिकृतीत खोटे दिसते, आणि त्याचे कारण साध्या गुणाकारात आहे. पाव मिलिमीटर जाडीचे सुती कापड १/२५ प्रमाणात सव्वासहा मिलिमीटर जाडीचे होते. इतक्या जाड कापडाचा टप कोणत्याही गाडीवर नसतो, त्याच्या घड्याही मग लोडासारख्या पडतात, आणि कापडाची वीण तर सुतळीएवढी दिसते. म्हणून प्रतिकृतीत वस्तू कशाची आहे यापेक्षा ती त्या मापात किती जाड आणि किती चकचकीत दिसते, हे पाहावे लागते.

टप खाली असताना मागे जो फुगीर पडदा दिसतो तो टपावर ओढलेले आच्छादन असते. तो एम-सीलने घडवावा. मिश्रण मळून, पाण्याने ओल्या केलेल्या बोटांनी आसनामागच्या खाचेत बसवावे आणि अर्धवट कडक झाल्यावर दाढीच्या पात्याच्या पाठीने शिवणींच्या रेषा ओढाव्यात. आच्छादन ताणलेले असते, पण आतल्या लोखंडी कमानी जेथे वर येतात तेथे हलके उंचवटे आणि त्यांच्यामध्ये किंचित खोलगट भाग राहतो. हा चढउतार आला की डोळ्याला आत टप आहे असे पटते. कडेने दाबबटनांची रांग असते. खरे बटण साधारण १२ मिलिमीटरचे धरले तर प्रतिकृतीत ते अर्धा मिलिमीटर होते, आणि फॉइलवर बोथट सुईने मागून दिलेला एक टोचा तेवढाच असतो.

गालिच्यासाठी हस्तकलेच्या दुकानांत मिळणारा मखमली कागद चांगला. लव फार उंच असेल तर वरून पातळ रंगाचा हलका फवारा देऊन ती थोडी बसवावी. आसने मात्र रंगानेच करावीत. कन्व्हर्टिबलची आसने पाऊस-उन्हामुळे बहुधा विनाइलची असत, तेव्हा चमक अर्धवट ठेवावी, शिवणींच्या खाचांत त्याच रंगाची गडद, पातळ छटा वाहू द्यावी आणि बसण्याच्या जागी चमक किंचित वाढवावी, कारण तेथे विनाइल झिजून गुळगुळीत होते. गालिचा निस्तेज, आसने अर्धचमकी, डॅशबोर्डचा रंगवलेला पत्रा चकचकीत : एकाच लाल रंगाच्या या तीन चमकी शेजारीशेजारी आल्या की उघड्या गाडीचा अंतर्भाग जिवंत होतो. संचाच्या सूचनापत्रात याबद्दल एक ओळही नसते, म्हणून मी येथे एवढा थांबलो.

मापकांच्या तबकड्यांवर काचेऐवजी पारदर्शक वॉर्निशचा एकेक थेंब सोडावा. दारांवरच्या लहान त्रिकोणी काचा ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) पारदर्शक कागदातून कापाव्यात. तो साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे त्या मापात अडीच मिलिमीटर, आणि संचातील जाड काचेपेक्षा कितीतरी खरा दिसतो. या काचा फेव्हिक्विकने चिकटवू नयेत, त्याची वाफ काचेवर पांढरा डाग धरते आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो अधिकच पसरतो. साधा पांढरा फेव्हिकॉल टूथपिकच्या टोकाने लावावा, तो सुकून पारदर्शक होतो.

प्रश्न : माझ्याकडे १९५७ च्या बेल एअरचा बंद छताचा, हार्डटॉप संच आहे. छत कापले की कन्व्हर्टिबल होईल ना? (एक वाचक, कल्याण)

बाहेरून होईल, खालून होणार नाही. छत नसल्याने गेलेली ताकद भरून काढण्यासाठी शेव्हरोलेने कन्व्हर्टिबलच्या चासिसमध्ये इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराचे आडव्या तुळया घातल्या होत्या. शिवाय टपाच्या कमानी दोन्ही बाजूंना खाली उतरतात, त्यांना जागा देण्यासाठी मागचे आसन अरुंद असते. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी एक्स तयार करणे आणि आसन दोन्ही कडांनी कापणे, ही दोन्ही कामे करण्याची तयारी असेल तरच छताला करवत लावावी. अन्यथा कन्व्हर्टिबलचाच संच घेणे स्वस्त पडेल.

प्रश्न : मस्टँगच्या २८९ (घनइंची) इंजिनाला स्पार्क प्लगच्या तारा जोडायच्या आहेत. तार किती जाड घ्यावी आणि कोणती तार कोठे जाते? (एक वाचक, परळ)

खऱ्या गाडीवर ही तार सुमारे ७ मिलिमीटर जाड असते, १/२४ प्रमाणात ती ०.२९ मिलिमीटर होते. लॅमिंग्टन रोडवर मोटार गुंडाळण्यासाठी मिळणारी ३२ गेजची इनॅमल तांब्याची तार ०.२७ मिलिमीटरची असते, ती योग्य. तिला आधी काळा रंग द्यावा आणि पूर्ण सुकल्यावरच वाकवावी. संचांबरोबर काही ठिकाणी मिळणारी कापडी दोरी घेऊ नये, तिचे तंतू उभे राहतात.

वितरक, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, फोर्डच्या या इंजिनात पुढे असतो. शेव्हरोलेच्या २८३ मध्ये तो मागे, पडद्याजवळ असतो, म्हणून बेल एअरचे चित्र समोर ठेवून मस्टँग जोडू नये. साडेतीन मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिक काडीचा तुकडा घेऊन कडेने आठ आणि मध्ये एक असे नऊ भोक ०.३ मिलिमीटरच्या ड्रिलने पाडावेत. छापील सर्किटसाठीचे हे ड्रिल लॅमिंग्टन रोडवरच मिळते, मात्र ते काचेसारखे तुटते, तेव्हा हातातल्या पिन व्हाइसमध्ये (बारीक ड्रिल पकडणाऱ्या दांडीत) धरून सरळ दाबानेच फिरवावे. मधल्या भोकातली तार कॉइलकडे जाते. बाकीच्यांसाठी फोर्डचा क्रम १-५-४-२-६-३-७-८ असा असून तो वितरकावर घड्याळाच्या उलट दिशेने मोजायचा असतो. चालकाच्या आसनावरून पाहता उजव्या रांगेत पुढून मागे १ ते ४ आणि डाव्या रांगेत ५ ते ८ असे सिलिंडर येतात. शेव्हरोलेत क्रम १-८-४-३-६-५-७-२, दिशा घड्याळाची, आणि सिलिंडर डावीकडे विषम, उजवीकडे सम. तारा प्लगपर्यंत नेताना प्रत्येकीला थोडी ढिलाई ठेवावी, आणि एका बाजूच्या चार तारा व्हॉल्व्हच्या झाकणाजवळ एकत्र धरणारी लहान पकड काळ्या कागदाच्या पट्टीतून करावी.